आनंदाने कोसळलेली बाई

काउनासच्या शान्चाय भागात लेओकादियाचं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर लोक घर दाखवायच्या आधी गोष्ट सांगत. "ती होय? आपण युरोपचं सुवर्णपदक जिंकलो त्या संध्याकाळी आनंदाने कोसळली, तीच ना?" आणि सांगणाऱ्याचा चेहरा असा फुलून यायचा की जणू तिला त्यानेच उचललं होतं.

लिथुआनियातल्या या शहराला असल्या गोष्टी फार आवडतात. देशासाठी कुणी गोळी खाल्ली तर लोक टोपी काढतात, पण बास्केटबॉलपायी कुणी अर्धं अंग गमावलं म्हटलं की त्याच्या गळ्यातच पडतात. वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. चाहत्यांच्या मंडळाने हिरवा लोकरी स्कार्फ पाठवला. शेजारचा झेनोनास आल्यागेल्याला ती गोष्ट सांगायचा आणि दर वर्षी तिच्यात थोडा मीठमसाला वाढवायचा.

गोष्ट खोटी होती. हे फक्त दोघांना माहीत होतं, लेओकादियाला आणि तिच्या नवऱ्याला, फेलिक्सासला. तिला बोलता येत नव्हतं आणि त्याला बोलायचं नव्हतं.

लेओकादियाचा जन्म एकोणचाळीस सालच्या मे महिन्यातला. युरोपातल्या देशांची बास्केटबॉलची अजिंक्यपद स्पर्धा तेव्हा काउनासमध्येच भरली होती. स्पर्धेसाठी घाईघाईने नवा हॉल बांधला, त्याच्या भिंतींत तिच्या बापाच्या हातच्या विटा होत्या. बायको कळा देत असताना हा गडी त्या हॉलमध्ये ओरडत उभा होता. लिथुआनिया जिंकला. बाप घरी आला तो टोपी हरवून, आवाज बसलेला, कुणाच्या तरी खांद्यावरून. तोवर मुलीला आंघोळ घालून गुंडाळूनही झालं होतं. "आधी त्याने चेंडू पाहिला, मग तुला," असं आई पुढे कितीदा तरी सांगायची. पण त्यात राग नसायचा, कारण दोन वर्षांनी, एकेचाळीसच्या जूनमध्ये, त्याला रशियनांनी मालगाडीत चढवून पूर्वेकडे नेलं. का नेलं ते कुणी सांगितलं नाही आणि तो परत आला नाही. माणूस असा गेला की त्याचा हट्टसुद्धा गोड वाटायला लागतो.

वयात आल्यावर लेओकादिया रेशमाच्या गिरणीत मागावर लागली. त्या विणशाळेत मागांचा खडखडाट इतका की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून बायका ओठांवरून बोलायच्या. या टोकाची बाई आवाज न काढता ओठ हलवायची, त्या टोकाच्या बाईला कळायचं. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाला दिवस गेले, मुकादम कुणाकडे बघतो, सगळं त्या खडखडाटात बिनआवाजी चालायचं. समोरचीला कळलं नाही, तर टाच जमिनीवर आपटायची. म्हणजे, नीट सांग. जन्मभर गिरणीत काढलेल्या बाईची ही सवय जात नाही. लेओकादिया बाजारात, चर्चमध्ये, बसमध्ये लोकांचे ओठ वाचायची आणि नको ते कळून घ्यायची.

फेलिक्सास ट्रॉलीबस चालवायचा. उंच, शांत, दारूला बेताने हात लावणारा, पगार घरी आणणारा. नवरा म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती, एक सोडून. रशियनांच्या राज्यात काउनासचा संघ मॉस्कोच्या संघाला हरवायचा त्या दिवशी हा माणूस रडायचा. तेव्हा रस्त्यावर झेंडा काढायची सोय नव्हती, मनातलं बोलायची सोय नव्हती, पण बास्केटबॉल जिंकला म्हणून ओरडायला बंदी नव्हती. लोक त्या ओरडण्यातच सगळं ओरडून घ्यायचे. त्यामुळे पुढे राज्य बदललं, झेंडा खिडकीत लावता आला, तरी फेलिक्सासच्या लेखी हा खेळ कधी नुसता खेळ झाला नाही.

स्टूलची भानगड सुरू झाली ब्याण्णव साली. ऑलिंपिकचा सामना चालला होता आणि आपण मागे पडलो होतो. लेओकादिया स्वयंपाकघरातून लसूण चोळून तळलेल्या काळ्या पावाचे तुकडे तव्यासकट घेऊन आली आणि दारातच थबकली. "कोण जिंकतंय?" तिने विचारलं. नेमका तेव्हाच चेंडू जाळीत गेला. मग दुसरा गेला. तिसरा.

"हलू नकोस!" फेलिक्सास ओरडला.

"अरे, तवा गरम आहे."

"झेनोनास, तिच्या हातातला तवा घे. लेओ, तू तिथेच थांब!"

झेनोनासने तवा घेतला, बोटं भाजून घेतली, पण लेओकादिया दारात उभी राहिली आणि देशाला कांस्यपदक मिळालं. दुसऱ्या दिवशी फेलिक्सासने शेडमधून एक तीन पायांचं हिरवं स्टूल आणलं आणि स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधल्या दारात ठेवलं. ती तिची जागा झाली. त्या जागेवरून टीव्हीचा पडदा जेमतेम अर्धा दिसायचा, उरलेला अर्धा कपाटाआड. डावीकडची टोपली दिसायची, उजवीकडची नाही. म्हणजे लेओकादियाने आपल्या देशाचे सगळे मोठे सामने अर्धेच पाहिले. चेंडू कपाटाच्या आड गेला की ती फेलिक्सासच्या तोंडाकडे बघायची आणि काय झालं ते ओळखायची.

पंच्याण्णव साली अथेन्समध्ये युरोपच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. पनीरसाठी तापत ठेवलेलं दूध उतू जायला लागलं म्हणून ती उठली. आपण हरलो. पंधरा दिवस घरात पनीर नको की दूध नको, फेलिक्सास नुसता उसासे टाकायचा. "मी तुला दोष देत नाही," तो म्हणायचा. म्हणजे देत होता. झेनोनास तर उघड म्हणाला, "शेजारणी, एका पातेल्यापायी सुवर्णपदक घालवलंस की गं!" सगळे हसले. तीही हसली. पण त्यानंतर सामना चालू असताना ती त्या स्टूलवरून कधी उठली नाही. फोन वाजो, दार वाजो, पावाचा कोळसा होवो.

आता हसण्यावारी न्यायची गोष्ट इथे संपते.

दोन हजार तीनचा सप्टेंबर. स्पर्धा स्वीडनमध्ये, समोर स्पेन. लेओकादिया चौसष्ट वर्षांची. मुलगी विलिया आयर्लंडला हॉटेलात कामाला गेलेली. घरात तिघंच होते, फेलिक्सास खुर्चीत, झेनोनास सोफ्यावर, ती दारात. आपण पुढे होतो आणि सामना सरत आला होता. तेव्हा तिच्या उजव्या हातातलं पावाचं ताट आपोआप कललं. तुकडे जमिनीवर पडले. ते उचलायला हात न्यावा तर हात गेलाच नाही. डोक्यात काहीतरी गरम पसरत चाललं होतं. तिला कळलं की हे साधं नाही. डाव्या हाताने चौकट धरून ती उठायला लागली.

फेलिक्सासने वळून पाहिलं. नीट पाहिलं. तिचं ओघळलेलं तोंड, पडलेलं ताट, लोंबणारा हात, सगळं पाहिलं. टीव्हीचा आवाज कान फाटेल इतका होता, झेनोनास सोफ्यावर गुडघ्यांवर उभा राहून बोंबलत होता. फेलिक्सासचा आवाज त्यात विरून गेला. पण त्याचे ओठ तिने वाचले.

"बस, लेओ. थोडंच राहिलंय. बस."

आणि ती बसली. पुढे आठ वर्षं तिने स्वतःला विचारलं, की मी का बसले? सवयीने? पातेल्याच्या धाकाने? की त्याने पाहिलंय म्हटल्यावर आता तो येईल, असा भरवसा वाटला म्हणून? तो वळला होता. परत पडद्याकडे.

सामना संपला. चौसष्ट वर्षांनी पुन्हा तेच सुवर्णपदक, तिच्या वयाइतक्या वर्षांनी. झेनोनास तिला मिठी मारायला धावला आणि ती त्याच्या अंगावर बटाट्याच्या पोत्यासारखी कलंडली. "अरे, हिला आनंदाने भोवळ आली!" तो ओरडला. गोष्टीचा जन्म तो तिथे झाला.

रुग्णवाहिका आली खरी, पण जायला रस्ता कुठे होता? सगळं शहर बाहेर पडलं होतं. मोटारींच्या टपांवर पोरं, खिडक्यांतून झेंडे, भोंगे. सायरन वाजतोय तो जल्लोषाचाच भाग आहे असं लोकांना वाटलं. त्यांनी गाडीभोवती फेर धरला, पत्र्यावर थापा मारून देशाच्या नावाचा ताल धरला. "लिए-तु-वा! लिए-तु-वा!" आत लेओकादिया त्या थापा ऐकत पडली होती. बाहेरच्यांचा तरी काय दोष. ते त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर संध्याकाळी नाचत होते.

गाडीतल्या तरुण मदतनिसाने विचारलं, "हे केव्हा सुरू झालं?"

"आत्ताच," फेलिक्सास म्हणाला. "सामना संपला आणि... आनंदाने. एकदम."

लेओकादियाने सगळा जीव एकवटून म्हणायचं ठरवलं की नाही, खोटं आहे. तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, "बरं."

"बघा, शुद्धीवर आहे," मदतनीस म्हणाला.

त्यानंतर तिच्याकडे तो एकच शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. डोकं शाबूत असतं, समजतं सगळं, पण बोलायचा रस्ता बुजतो आणि एखादाच शब्द त्यातून निसटत राहतो. भूक लागली तरी बरं. दुखलं तरी बरं. कुणी मेल्याचं कळलं तरी बरं. लिहावं म्हटलं तर अक्षरंही तशीच बुजलेली. विलिया आयर्लंडहून धावत आली, गळ्यात पडून रडली. "आई, इतका आनंद झाला होता तुला?" लेओकादियाने नाही म्हणून मान हलवायचा प्रयत्न केला. तोंडातून आलं, "बरं." विलिया आणखी रडली.

फेलिक्सासने तिची सेवा केली. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्याने नोकरी सोडली. तो तिला आंघोळ घालायचा, केस विंचरायचा, बीटचं सूप गाळून चमच्याने भरवायचा. मोहल्ल्यातल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याचं नाव घेऊन टोमणे मारायच्या. स्टूल त्याने शेडमध्ये नेऊन लाकडांमागे टाकलं आणि घरात सामने लावणं बंद केलं. "तिला सहन होत नाही, भावना अनावर होतात," असं तो लोकांना सांगायचा. लोक त्याला आणखी चांगला म्हणायचे.

हे सगळं लेओकादिया गिळत होती. त्याने सेवा करावी ही तिची मागणी नव्हती. तिला फक्त एक गोष्ट हवी होती. जे घडलं ते त्याने तोंडाने म्हणावं, तिच्या देखत, विलियाच्या देखत. तिचं आजारपण तिचं स्वतःचं होतं, पण लोकांनी तिला त्यातूनही बाहेर काढलं होतं. तिच्या दुखण्याला आनंद म्हणत होते. कुणी दारात येऊन, "आमची सुवर्णकन्या कशी आहे?" म्हटलं की तिला थुंकावंसं वाटायचं. आणि ती म्हणायची, "बरं."

रोज सूप भरवताना ती त्याच्या ओठांकडे बघायची. कधीतरी हलतील. तो चमच्याकडे बघायचा.

मग दोन हजार अकरा साल आलं आणि स्पर्धा लिथुआनियात आली. नेमुनास नदीतल्या बेटावर नवाकोरा मोठा हॉल उभा राहिला. सगळं काउनास पिवळ्या-हिरव्या-लाल रंगात माखलं. चर्चमध्ये म्हणे पाद्रीसुद्धा प्रवचन आटोपतं घ्यायला लागले. विलिया सुट्टी काढून आली, स्पर्धेसाठीही आणि आईसाठीही. फेलिक्सासला टीव्ही लावावाच लागला. लिथुआनियन माणसाने आपल्या शहरातली स्पर्धा बघितली नाही, तर लोक डॉक्टरला बोलावतील.

एक-दोन सामने हातचे गेले. मॅसेडोनियाबरोबरच्या सामन्याच्या दिवशी झेनोनास आला तो काखेत स्टूल मारूनच. शेडमध्ये घुसून, लाकडं उपसून त्याने ते शोधून काढलं होतं. हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले, एका पायाला कोळ्याचं जाळं.

"इतका मोठा खजिना लाकडांखाली पुरून ठेवलात, आणि वर विचारता की आपण हरतो का!" तो म्हणाला.

"झेनोनास, ते राहू दे," फेलिक्सास म्हणाला.

"का राहू दे? आज हरलो तर घरी. उपांत्यपूर्व आहे, बाबा. शेजारणी, तूच सांग, बसशील ना?"

लेओकादिया म्हणाली, "बरं."

"झालं! मालकीणबाई तयार आहेत!"

विलिया हसली. "पण तिला पाठ लागते हो टेकायला. खुर्ची ठेवू या की दारात."

"छे! स्टूल म्हणजे स्टूल. देव काय खुर्चीला फसतो?"

"मग मी मागे उभी राहते तिला धरून. चालेल ना गं आई? एकदाच. गंमत."

लेओकादियाने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, आता. आता तरी हा बोलेल. याच्या देखत तिला पुन्हा त्या जागेवर बसवतायत, ते या माणसाच्याने बघवणार नाही. फेलिक्सासने स्टूलकडे पाहिलं. तो म्हणाला, "बसू दे. आवडतं तिला."

मग तिला बसवलं. चाहत्यांच्या मंडळाचा तो हिरवा स्कार्फ गळ्यात घातला. झेनोनासने मोबाइलवर फोटो काढला. विलिया मागे उभी राहून आपल्या मांड्यांचा आधार देत होती. पडदा अर्धा दिसत होता. कपाट अजून तिथेच होतं.

सामना चिवट झाला. कुणीच कुणाला सोडेना. नदीकडून हॉलमधला गोंगाट उघड्या खिडकीतून आत यायचा आणि थोड्या वेळाने तोच टीव्हीतून यायचा, त्यामुळे काहीतरी होणार हे आधीच कळायचं. लेओकादियाच्या चांगल्या पायात वांब आला. लाकडाची कड मांडीत रुतत होती. लघवीला जायचं होतं. तिने विलियाचा हात दाबला, पण विलियाचा जीव पडद्यात अडकलेला. शेवटची मिनिटं उरली तेव्हा तिला सोसवेना. तिने डाव्या हाताने चौकट धरली, काठी ओढली आणि उठू लागली.

"ए, ए, ए! शेजारणी!" झेनोनास किंचाळला. "बस! आता नाही!"

"आई, थांब ना, एक मिनिट," विलिया तिचे खांदे दाबत म्हणाली. हसतच म्हणाली, पण दाबले खरे.

फेलिक्सास वळला. लेओकादिया त्याच्याकडेच बघत होती. त्याचा चेहरा आठ वर्षांनी म्हातारा झाला होता, बाकी सगळं तेच होतं. गोंगाटही तोच. आणि त्याचे ओठ हलले. त्याला स्वतःला कळलं असेल की नाही, देव जाणे. जिभेला पडलेलं वळण होतं.

"बस, लेओ."

ती उठली.

विलियाचे हात खांद्यावरून गळून पडले, इतक्या जोराने उठली. काठी टेकत, मेलेला पाय ओढत, ती सगळ्यांकडे पाठ करून स्वयंपाकघरातून न्हाणीकडे गेली. मागे स्टूल कलंडल्याचा आवाज झाला. न्हाणीत बसली असतानाच नदीकडून एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच आलं नाही. त्यांच्या एका खेळाडूने लांबून टाकलेला चेंडू जाळीत पडला होता. आपल्याला तो फेडता आला नाही. एका टोपलीच्या फरकाने सगळं संपलं.

सगळं शहर एकदम मुकं झालं. भोंगा नाही, कुत्रं नाही. लेओकादियाच्या मनात आलं, आता तुम्हालाही एकच शब्द उरला असेल, किंवा तोही नाही. आणि लगेच तिला वाईट वाटलं, कारण तिलाही ही पोरं जिंकायला हवी होती. तिच्या बापाच्या विटांचा हॉल इथून फार लांब नव्हता.

झेनोनास जाताना दारात थांबला. "दोन मिनिटं, शेजारणी. फक्त दोन मिनिटं धरायचं होतंस." हा टोमणा होता की विनोद, ते त्यालाही माहीत नसावं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काका, आजारी बाई आहे ती," विलिया म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतोय," असं म्हणून तो गेला. फेलिक्सास आडवं पडलेलं स्टूल बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलिया पाव आणायला गेली. तिचं विमान दुपारचं होतं. फेलिक्सासने लापशीची वाटी आणली, लेओकादियाच्या समोर बसला आणि पहिल्यांदाच चमच्याकडे न बघता तिच्याकडे बघत बोलला.

"तुला आठवतं, नाही का? तेव्हाचं."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, आवाजात तुला ऐकू गेलं नसेल. मग वाटायचं, तू तर ओठ वाचतेस. मग वाटायचं, डोक्याला मार बसलाय, विसरली असेल." त्याने नाक पुसलं. "मी पाहिलं होतं, लेओ. तुझं तोंड पाहिलं होतं मी. काय झालं मला कळत नाही. दुसऱ्या कुणाचं तोंड असतं तर धावलो असतो. तू... तू तर तिथे असायचीसच."

तो रडायला लागला. मोठा माणूस, लापशीच्या वाटीवर वाकून.

"आपल्या दोघांतच राहू दे. पोरगी आज जातेय, तिला कशाला. मला माफ केलंस एवढं म्हण. बरं म्हण, लेओ. एरवी म्हणतेसच की."

शब्द आला होता. तो नेहमीच यायचा, न बोलावता, शिंकेसारखा. जिभेवर येऊन उभा होता. लेओकादियाने ओठ मिटले. उजवीकडचा ओठ तिच्या ताब्यात नव्हता, म्हणून तिने डाव्या हाताने तोंड दाबून धरलं. तिच्या घशातून घरघर निघाली, डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द तिने बाहेर पडू दिला नाही. आठ वर्षं तो शब्द तिच्या नावावर वाटेल तशी सही करत आला होता. आज तिने त्याला कोंडलं.

विलिया पाव घेऊन आली. टेबलाशी दोघं अशी बसलेली, बाप रडलेला, आई तोंड दाबून.

"कालचं मनाला लावून घेतलंत का तुम्ही लोक?" ती म्हणाली. "आई, बरी आहेस ना?"

लेओकादिया गप्प.

"आई? दुखतंय कुठे?"

गप्प. विलियाने पाव खाली ठेवला. आईच्या तोंडून "बरं" येत नाही हे तिला गेल्या आठ वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. फोनवरसुद्धा पलीकडून तेवढंच यायचं, आणि तेवढ्यावर ती परदेशात निर्धास्त झोपायची.

"बाबा, हिला काय झालंय?"

फेलिक्सासचे ओठ हलले. आवाज आला नाही. विलियाला काहीच कळलं नाही. लेओकादियाला कळलं. तो नुसत्या ओठांनी म्हणाला होता, मी तिला बस म्हणालो.

लेओकादियाने काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. एकदा, मग पुन्हा. गिरणीत टाच आपटायची तशी. नवऱ्याने गिरणीच्या बाईबरोबर जन्म काढला होता, त्याला अर्थ माहीत होता.

"मी तिला बस म्हणालो," फेलिक्सास मोठ्याने म्हणाला. "त्या दिवशी. सामना चालू होता. तिचं ताट पडलं, ती उठत होती, तोंड वाकडं झालं होतं. मी पाहिलं आणि बस म्हणालो. ती बसली."

विलिया उभीच होती. "किती वेळ?"

"संपेपर्यंत."

"आणि आनंदाने..."

"आनंद-बिनंद काही नव्हता."

विलियाने आईकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, ज्यांनी काल तिचे खांदे दाबले होते. ती आईपुढे गुडघ्यांवर बसली, तिच्या मांडीत डोकं घालून कितीतरी वेळ तशीच राहिली. लेओकादिया डाव्या हाताने तिचे केस सारखे करत होती. दुपारी गाडी दारात आली तेव्हा विलियाने आईचे गाल, कपाळ, मेलेला हात, सगळं चुंबलं. बापाजवळून ती बॅग घेऊन निघून गेली. "डॉक्टरांना फोन करते तिकडून," एवढंच म्हणाली. त्याने हात पुढे केलेला तसाच राहिला.

संध्याकाळी घरात दोघंच होती. पुढेही दोघंच असणार होती. दुसरं कोण होतं? स्टूल चुलीत गेलं होतं, फेलिक्सासनेच घातलं, पण जुना रंग जळताना फार घाण धूर झाला आणि त्याला खिडक्या उघडाव्या लागल्या. बाहेर लोक गाड्यांवरचे झेंडे काढत होते.

त्याने बीटचं सूप गाळलं, वाटी आणली, तिच्या हनुवटीखाली फडकं लावलं. तिने तोंड उघडलं. जेवायला तर हवंच होतं. दोन चमचे झाल्यावर तो थांबला.

"जास्त गरम नाही ना?" त्याने विचारलं.

"बरं," लेओकादिया म्हणाली.

ते सुपाबद्दल होतं, आणि फेलिक्सासला ते कळलं.